गेमच्या दुकानाची दलाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तिघांनी मिळून पतंगांचा एक गेम केला. कोड आणि हिशेब माझ्याकडे, चित्रं आतेबहिणीची, ती फाइन आर्ट्सची, आणि आवाज शेजारच्या मित्राचे. गेम स्टीमवर, म्हणजे कंप्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, चढला तेव्हापासून घरचे, कॉलेजची मुलं आणि गेंडीगेटला पतंग विकणारा मामा, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून ठेवलंय.

दुकान नक्की किती कापतं?

स्टीम ३० टक्के. एपिक १२ टक्के, तेही पहिल्या १० लाख डॉलरनंतर. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात पीसी गेमवर ऑगस्ट २०२१ पासून १२ टक्के. जीओजीवर साधारण ३०. इच डॉट आयओवर तुम्ही म्हणाल तेवढे: गेम टाकताना एक पट्टी सरकवायची असते, ती आधीपासून १० वर असते, शून्यावर नेली तरी कोणी काही म्हणत नाही. मोबाइलचं निराळं आहे, ते खाली येईल.

याशिवाय आत शिरायचे पैसे. स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर. गेमने १,००० डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात. गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर. ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर, आणि भरायचं थांबलात की गेम दुकानातून उतरतो.

तीस हा आकडा आला कुठून?

लोकांच्या डोक्यात तो पक्का बसला ॲपलमुळे. स्टीव्ह जॉब्जने मार्च २००८ मध्ये ॲप स्टोअर जाहीर करताना सांगितलं होतं, सत्तर तुमचे, तीस आमचे. त्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज हसू येतं, पण त्याआधी गेम डब्यात विकला जायचा. छपाई, वाहतूक, दुकानदार आणि प्रकाशक यांचं भागल्यावर करणाऱ्याच्या ताटात चटणीएवढं उरायचं. त्या ताटाकडे पाहिलं तर सत्तर म्हणजे पुरणपोळीच. पुढे ते ताट सगळे विसरले आणि तीस तेवढे राहिले.

गेम ३४९ रुपयांना विकला तर हातात किती येतात?

मामाने हे विचारलं तेव्हा मी चटकन म्हणालो, सत्तर टक्के, म्हणजे २४४. चुकलो. मामा धंदेवाला माणूस. त्याने तिथेच विचारलं, "भाच्या, टॅक्स कोण भरतंय?"

तर नीट मांडू. भारतात स्टीमवर दिसते ती किंमत कर धरून असते. ३४९ मध्ये १८ टक्के जीएसटी आत बसलेला आहे, म्हणजे ५३ रुपये २४ पैसे. ते सरकारचे, दुकानच भरतं, आपल्याला धावपळ नाही. उरले २९५ रुपये ७६ पैसे. दुकानाचे तीस टक्के यावर लागतात, छापील किमतीवर नाही: ८८ रुपये ७३ पैसे. आपल्याकडे राहिले २०७ रुपये ३ पैसे. म्हणजे सत्तर नव्हे, छापील किमतीचे एकोणसाठ टक्के.

आता हाच गेम एपिकवर त्याच किमतीला, १२ टक्के कापून विकला असता तर २६० रुपये २७ पैसे आले असते. वजाबाकी करून पाहा: ५३ रुपये २४ पैसे. जीएसटीएवढाच आकडा, पैशापर्यंत तोच! यात गूढ काही नाही, तीस वजा बारा अठराच होतात. पण पहिल्यांदा वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक आले तेव्हा मी दोनदा कॅल्क्युलेटर दाबला होता.

पन्नास टक्के सेल लावला की वरचे २०७ होतात १०३ रुपये ५२ पैसे. आणि बहुतेक लोक सेललाच घेतात, हे मनाशी धरून किंमत ठरवा. पूर्ण किमतीच्या २०७ चे आम्हा तिघांत वाटे केले तर प्रत्येकी ६९ रुपये. त्यात शेव-उसळीची एक प्लेट येते, जादा पाव मागितले तर खिशात हात घालावा लागतो.

आणि अमेरिकेत विकला तर?

तिथला विक्रीकर किमतीच्या वरून लागतो, त्यामुळे आपल्या हिशेबात येत नाही. ९.९९ डॉलरमधले ३ डॉलर दुकानाचे, उरले ६.९९. पण अमेरिकेतल्या विक्रीवरचं आपलं उत्पन्न तिकडच्या कायद्याने रॉयल्टी धरलं जातं आणि त्यावर तिथेच कर कापला जातो. सरसकट दर ३० टक्के. भारत आणि अमेरिका यांच्यात करार आहे म्हणून आपल्याला १५ टक्के, पण त्यासाठी डब्ल्यू-आठ-बेन नावाचा फॉर्म भरताना कराराची ओळ भरावी लागते आणि परदेशी करक्रमांकाच्या रकान्यात आपला पॅन टाकावा लागतो. भरलात तर ५.९४ डॉलर हातात. नाही भरलात तर ४.९०.

हा एक डॉलर कोणाच्याही लक्षात येत नाही. तीसचे पंचवीस व्हावेत म्हणून तासन् तास वाद घालणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्याच एकाने हा रकाना रिकामा सोडला होता. कापलेल्या कराची वजावट भारतात रिटर्न भरताना मागता येते. त्या वजावटीचा फॉर्म वेळेत भरा आणि सीएला आधी सांगा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नको.

तीस टक्क्यांत दुकान देतं तरी काय?

मामाचा हा दुसरा प्रश्न, थोडा उपरोधाने. मी त्याला उलट विचारलं, तुझ्या ओट्याचं भाडं किती? गेंडीगेटला डिसेंबर-जानेवारीत ओटा मिळवायचा तर पैसे आधी मोजावे लागतात. उत्तरायणाला वारा पडला, पतंगांच्या कोड्याच्या कोड्या (वीस-वीसचे गठ्ठे) तशाच राहिल्या, तरी भाडं सुटत नाही. स्टीमवर विकलं नाही तर काही द्यायचं नाही. शंभर डॉलर गेले ते गेले.

बाकी, गेम साठवायला जागा, हव्या तितक्या वेळा डाउनलोड, रोज अपडेट टाकलं तरी वेगळा खर्च नाही, रुपयापासून येनपर्यंत चलनं, प्रत्येक देशाचा कर, पैसे परत करण्याची कटकट, क्लाउड सेव्ह. ही कामं स्वतः करून पाहिली तर कळतं. आम्ही आठ दिवस आपल्या वेबसाइटवर विकायचा विचार केला होता, आणि युरोपातल्या कराची नियमावली उघडून तिसऱ्या पानावर बंद केली.

पण एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे गिऱ्हाईक. दुकान मोठं आहे म्हणून आपल्या फळीसमोर माणूस येईलच असं नाही. विशलिस्ट, म्हणजे पुढे घेईन म्हणून गेमवर खूण करून ठेवणारी माणसं, आपणच जमवायची. दुकान गर्दी पाहून गर्दी वाढवतं. आधी चार माणसं ओट्याशी उभी दिसली पाहिजेत, हे मामाला समजावून सांगावं लागलं नाही.

मोठ्या कंपन्यांकडून कमी घेतात, हे खरं का?

खरं. स्टीमने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं: एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर गेली की २० टक्के. म्हणजे आम्ही तिघं तीस देतो, आणि शेकडो माणसांची कंपनी सरासरीने आमच्याहून कमी देते.

याबद्दल माझं मत चांगलं नाही. दुकानाचा विचार समजतो: मोठा गेम स्वतःचं गिऱ्हाईक घेऊन येतो आणि नाराज झाला तर स्वतःचं दुकान थाटतो. फोर्टनाइटवाल्या एपिकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खरोखरच थाटलं. घाऊक घेणाऱ्याला सूट हा बाजाराचा रिवाजच आहे. पण इथे माल घाऊक नाही. आमच्या एका विक्रीमागे दुकानाचा खर्च मोठ्या कंपनीच्या एका विक्रीपेक्षा जास्त कसा? उलट आमचा गेम ३०० एमबीचा, त्यांचा दीडशे जीबीचा!

बाकीच्या दुकानांनी नेमकं उलटं केलं. ॲपलने जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना १५ टक्के ठेवले, मात्र त्या योजनेत आपण होऊन नाव घालावं लागतं. गूगलने त्याच वर्षी जुलैपासून पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के केले. एपिकने जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं. १० लाख डॉलर म्हणजे आम्हाला आकाशातला पतंग. त्यामुळे तिथे आम्हाला लागू दर शून्यच.

मग सगळे एपिकवर का जात नाहीत?

कारण शून्य टक्के कशाचे, हा प्रश्न आहे. पीसीवर खेळणाऱ्यांच्या लायब्रऱ्या स्टीमवर आहेत, मित्र स्टीमवर आहेत. आपल्या घराजवळची भाजी सोडून माणूस खंडेराव मार्केटला का जातो? स्वस्त म्हणून थोडं, सगळं एका फेरीत मिळतं म्हणून जास्त.

दोन्हीकडे ठेवा. एपिकची किंवा इचची अट अशी नाही की दुसरीकडे विकू नका. इचचं मला वेगळं कौतुक आहे. तिथे विक्री कमी होते, पण छोटा, विचित्र, अर्धवट गेमही लाज न वाटता ठेवता येतो, आणि खेळणारा स्वखुशीने जास्त पैसे देऊ शकतो. गुजरातमधल्याच चला गावचा स्टुडिओ ओलिओमिंगस आपली बरीच कामं तिथेच ठेवतो. आतेबहिणीला मी पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा ती म्हणाली, हे आपल्याकडचं आहे? वापीजवळचं?

स्टीमच्या किल्ल्या बाहेर विकल्या तर कमिशन लागत नाही म्हणतात?

बरोबर. आपल्या गेमच्या किल्ल्या (इंग्रजीत ‘की’, म्हणजे स्टीमवर टाकला की गेम मिळतो तो कोड) दुकानाकडून फुकट मागवता येतात आणि आपल्या साइटवर विकल्या तर स्टीम त्यातलं काही घेत नाही. अट एवढीच की स्टीमच्या गिऱ्हाइकापेक्षा त्यांना चांगला सौदा द्यायचा नाही. अशा कीवर घेतलेल्या माणसाने लिहिलेला अभिप्राय गेमच्या गुणांत धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या. किमतीच्या बंधनावरूनच अमेरिकेत वुल्फायर गेम्सने २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर, म्हणजे स्टीमच्या मालक कंपनीवर, दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने तो इतर डेव्हलपरांच्या वतीनेही चालवायला मान्यता दिली.

की मागणाऱ्या ईमेलपासून सावध. "माझे लाखो फॉलोअर आहेत, चार की पाठवा" असं लिहिणाऱ्यातले बहुतेक त्या की विकतात.

रिफंड झाला तर दुकान आपलं कमिशन ठेवतं का?

नाही, पूर्ण विक्रीच पुसली जाते. पण नियम माहीत असू द्या: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. आमचा गेम दीड तासात संपतो. एकाने संपवला, "छान होता, बालपण आठवलं" असा अभिप्राय लिहिला आणि पैसे परत घेतले. आतेबहीण दोन दिवस बोलली नाही. कोणावर रागवायचं हेच तिला कळेना.

मोबाइलवर काढायचा असेल तर?

दर वर सांगितले. गूगल प्लेवर भारतात गिऱ्हाइकाला पैसे भरायचा दुसरा पर्याय दिलात आणि त्याने तो वापरला, तर कमिशन चार टक्क्यांनी उतरतं, म्हणजे पंधराचे अकरा. पण त्या दुसऱ्या पर्यायाला स्वतःचा खर्च असतो. चार वाचवून तीन दिले तर कशाला?

कॉलेजच्या मुलांना कमिशनआधी दुसरीच भिंत लागते. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक खात्याला गेम बाहेर काढण्याआधी ठरावीक संख्येने टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात. आधी २० लागायचे, आता १२. बाराव्या माणसासाठी आमच्या ओळखीच्या एकाने आजोबांना गूगल खातं उघडून दिलं. आजोबा चौदा दिवस न चुकता गेम उघडून ठेवत, आणि बंद करायच्या आधी मोबाइलला नमस्कार करत.

हे दर कोर्टामुळे कमी होतील का?

थोडेफार होतायत. एपिकने १३ ऑगस्ट २०२० ला आयफोनवरच्या फोर्टनाइटमध्ये आपला स्वतःचा पैसे भरायचा मार्ग घुसवला. ॲपलने त्याच दिवशी गेम काढला, आणि एपिकने त्याच दिवशी दावा ठोकला. कागद आधीच तयार होते, हे उघड आहे. सप्टेंबर २०२१ च्या निकालात ॲपलला सांगितलं गेलं की बाहेरच्या दुकानाची लिंक द्यायला अडवू नका. ॲपलने लिंक दिली आणि बाहेर झालेल्या विक्रीवरही २७ टक्के लावले! ३० एप्रिल २०२५ ला न्यायाधीश बाईंनी तो आदेशाचा अवमान ठरवला. गूगलविरुद्धच्या दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने एपिकच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला प्ले स्टोअरच्या बिलिंगच्या सक्तीवरून ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. मार्च २०२४ मध्ये फी न भरल्याच्या कारणावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप काढली होती, त्यात लग्न जुळवणारीही होती. ती नंतर परत आली. आत्याला गेमच्या कमिशनशी देणंघेणं नव्हतं, पण ते दोन दिवस ती रोज विचारत होती, "चालू झालं का रे?"

हे ऑनलाइन जुगारासारखं नाही ना?

हा प्रश्न आत्याचाच. नाही. पैसे लावून पैसे जिंकायचे जे खेळ, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. आमच्या गेममध्ये एकदा ३४९ द्यायचे, पतंग उडवायचा, कापला गेला तर नवी कन्नी बांधायची. जिंकून मिळतं काय? समोरच्याचा पतंग. आत्याला पटलं, पण शेजारणीला सांगताना ती अजूनही "कंप्युटरचं काम करतो" असंच सांगते.

इंजिनवाले वेगळे पैसे घेतात का?

इंजिन म्हणजे ज्यावर गेम बनवतात ते तयार सॉफ्टवेअर. त्यातलं गोदो फुकट. युनिटी वर्षाला २ लाख डॉलरच्या आत फुकट. त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे पैसे घेणार असं जाहीर केलं, आरडाओरडा झाला, आणि वर्षभराने ते मागे घेतलं. अनरियल पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत काही घेत नाही, पुढे ५ टक्के, आणि एपिकच्या दुकानातल्या विक्रीवर तेही नाही.

पब्लिशर घ्यावा का?

त्याचा वाटा दुकानाच्या तीसनंतर उरलेल्यातून जातो. बऱ्याच करारांत आधी त्याने घातलेले पैसे वसूल होतात, मग वाटणी सुरू होते. करारात "निव्वळ" हा शब्द दिसला की त्यातून काय काय वजा होणार ते लिहून मागा. जाहिरातीचा खर्च कोणाच्या बाजूला, हे तर नक्की विचारा.

पैसे खात्यावर कधी येतात?

स्टीमवर महिना संपला की पुढच्या महिन्याच्या अखेरीला, आणि साठलेली रक्कम १०० डॉलरच्या वर गेली तरच. बँक डॉलरचे रुपये करताना आपला दर लावते आणि मधली एखादी बँकही थोडं कापते. आमची पहिली रक्कम एका बँकेत नऊ दिवस अडकली, कारण पैसे कशाचे आले या रकान्यात काय लिहायचं ते काउंटरवर ठरेना. साहेब म्हणाले, गेम म्हणजे खेळणी का? मी म्हणालो, सॉफ्टवेअर. "मग असं सांगा ना!" इतकंच होतं. तुम्ही पहिल्या दिवशीच सॉफ्टवेअर म्हणा, आणि परदेशातून पैसे आल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्या.

जीएसटी नोंदणी लागते का?

आमचे सीए काका सांगतात ते असं: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी सक्तीची नाही. वर गेलात तर परदेशी कंपनीला दिलेली सेवा निर्यात धरली जाते. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरून ठेवलं की शून्य दर. गिऱ्हाइकाकडून दुकानाने घेतलेला जीएसटी आणि हा, दोन वेगळे विषय आहेत. आम्हीही सहा महिने त्यांची भेसळ करत होतो.

गेम कधी आणावा?

स्टीमवर पहिला गेम असेल तर फी भरल्यापासून ३० दिवस थांबावंच लागतं, आणि "लवकरच येत आहे" चं पान निदान दोन आठवडे आधी लागतं. ते धरून मागे मोजत या. मोठ्या सेलच्या आठवड्यात नको.

आणि पतंगांचा गेम असला तरी १४ जानेवारीला नको. आम्ही नेमका तोच दिवस धरला, कल्पना भारी वाटली होती. त्या दिवशी बडोद्यात कोणीही संगणकापुढे नव्हतं, आम्हीसुद्धा नव्हतो. अकराच्या सुमाराला जर्मनीतून एकाची तक्रार आली की मांजा भिंतीतून आरपार जातोय. मित्राने ती गच्चीवर फिरकी धरून वाचली, मी खाली उतरून दुरुस्त करेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तोवर चौघांनी रिफंड घेतला होता. वरून "लपेट, लपेट" ऐकू येत होतं.